दुसऱ्याचे शब्द आणि आपले शील

बी. ए.च्या पहिल्या वर्षात शिकणारी आमच्या वस्तीतील एक मुलगी मागील पावसाळ्यात आपला निबंध घेऊन माझ्याकडे आली. विषय होता, ‘शिक्षणाने जातिभेद नष्ट होईल काय ?’ आठ पाने होती आणि अक्षर मोत्यासारखे. मी वाचत गेलो. पहिले पान एका पुस्तकातले, दुसरे मोबाईलवर सापडलेले, तिसरे कोणाच्या तरी भाषणातले. कोठेही नाव नाही की पृष्ठ नाही. मी विचारले, ‘पोरी, यात तुझं काय ?’ ती म्हणाली, ‘सर, एवढ्या मोठ्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. त्यात मी काय नवीन सांगणार ?’

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा असता तर मी येथे लिहिला नसता. आपण त्रिशरण-पंचशील ग्रहण करतो. दुसरे शील अदिन्नादानापासून, म्हणजे जे दिलेले नाही ते घेण्यापासून, दूर राहण्याचे आहे. चौथे असत्य बोलण्यापासून दूर राहण्याचे. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून लिहिताना या दोन्ही शिलांचा भंग होतो की नाही, हा प्रश्न आपल्या घरातील शिकणाऱ्या मुलामुलींपुढे रोज उभा आहे.

त्या मुलीला बोल लावण्याचा अधिकार मला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिला माणूस मी. निबंध कसा लिहावा हे घरी सांगणारे कोणी नव्हते. मी गाईडमधून दोन पाने उतरविली व ती माझी म्हणून वर्गात वाचली. प्राध्यापकांनी दोन परिच्छेद ऐकून घेतले, टेबलावरचे गाईड उचलले आणि पुढचे वाक्य माझ्याआधी त्यांनीच वाचून दाखविले. वर्ग हसला. पुष्कळ वर्षे मी एवढेच धरून बसलो की ते हसणे आमच्या वस्तीला होते. त्यात तो कुत्सितपणा होता, हे खरेच. परंतु वाक्य माझे नव्हते, हेही तितकेच खरे होते. पहिल्या सत्याच्या आड मी दुसरे लपविले होते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, शब्द म्हणजे काही बैलजोडी नव्हे. मी तुमचे वाक्य घेतले तरी ते तुमच्यापाशी राहतेच, मग चोरी कशाची ? दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ज्यांनी हजारो वर्षे विद्या आपल्या घरात कोंडून ठेवली, आपल्या पूर्वजांच्या कानी अक्षर पडू दिले नाही, त्यांच्या विद्येवरील मालकी आपण का मानावी ?

या आक्षेपांचे उत्तर मला ग्रंथात मिळाले नाही, ते माझ्या वडिलांच्या अंगठ्यात मिळाले. माझे वडील सालदार होते. उचल किती घेतली, धान्य किती नेले, खाडे किती झाले, हे सारे मालकाच्या वहीत लिहिलेले असे. साल संपले की मालक आकडा सांगे आणि वडील अंगठा उठवीत. वही समोर असे, पण ती तपासण्याची सोय त्यांना नव्हती. ‘वहीत लिहिलं आहे’ एवढ्यावर माणसाचे एक वर्ष निघून जाई.

शास्त्रांनी आपल्या समाजाला नेमके हेच केले. ‘असे सांगितले आहे’ म्हणायचे; कोणी सांगितले, कशाच्या आधारावर सांगितले, हे विचारू द्यायचे नाही. म्हणून निबंधात आधार देणे म्हणजे कोणा पंडिताच्या मालकीला मान तुकविणे नव्हे. नाव, ग्रंथ आणि पृष्ठ लिहिणे म्हणजे आपली वही वाचकापुढे उघडी ठेवणे. ‘मी हे येथून घेतले, तुम्ही जा, पाहा, माझे चुकले असेल तर दाखवा’, असे त्याला सांगणे. आणि जो आधार लपवितो तो त्या मालकासारखाच वागतो. वाचकाने न तपासता अंगठा उठवावा अशी त्याची अपेक्षा असते. शब्द चोरल्याने मूळ लेखकाचे श्रेय जाते, वाचकाचा तपासण्याचा हक्क जातो आणि लिहिणाऱ्याची स्वतः विचार करण्याची संधी जाते. तिघांचे नुकसान होत असताना ‘कशाची चोरी ?’ असे कसे म्हणता येईल ?

भगवान बुद्धांचा धम्म या बाबतीत स्पष्ट आहे. अंगुत्तर निकायात केसपुत्त येथील कालामांना त्यांनी सांगितले की, परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे एवढ्यानेच काही स्वीकारू नका. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथील उपदेश आहे. एखादा भिक्खू म्हणेल की हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून ऐकले. त्याचे लगेच अभिनंदन करू नका, लगेच धिक्कारही करू नका. ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहा, जुळले तर घ्या, न जुळले तर सोडा. स्वतःच्या नावावर खपविल्या जाणाऱ्या वचनांचीही परीक्षा करा, असे सांगणारा हा शास्ता आहे. सुत्तांच्या आरंभीही सांगणारा आपण हे ऐकल्याचे सांगतो आणि त्या वेळी भगवान कोठे विहरत होते ते सांगतो. मगच उपदेश सुरू होतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी हेच शील लेखनात पाळले. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय २५ वर्षे. त्या निबंधाची रचना आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावी. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि डॉ. केतकर या चौघांच्या जातीविषयीच्या व्याख्या त्यांनी प्रथम त्यांच्या नावासह मांडल्या. मग एकेकीची परीक्षा केली. विटाळाची कल्पना हे जातीचे मूळ लक्षण नव्हे. परजातीबरोबर न जेवणे हे कारण नसून परिणाम आहे. केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहाची बंदी, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. केतकरांच्या अभ्यासाला त्यांनी दादही दिली. एवढे झाल्यावर स्वतःचा सिद्धान्त मांडला की, जातीअंतर्गत विवाहाचे बंधन हेच जातीचे खरे मर्म आहे.

आमच्या वस्तीतील मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. चार विद्वानांचे शब्द चौघांच्या नावावर ठेवल्यामुळेच पाचवा शब्द बाबासाहेबांचा म्हणून ओळखू येतो. सगळे एकत्र कालवले असते तर त्यांचे स्वतःचे कोणते, हे कोणालाच कळले नसते.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याला जवळचे आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषण रद्द केल्यावर बाबासाहेबांनी ते १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. त्याच वर्षी एप्रिलअखेर गांधीजी आपल्या सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहावयास आले होते. जुलैमध्ये त्यांनी ‘हरिजन’ पत्रात त्या भाषणावर टीका केली. तिचा एक मुद्दा आधारांचाच होता : बाबासाहेबांनी घेतलेली शास्त्रवचने प्रमाण मानता येणार नाहीत. बाबासाहेबांनी उत्तर दिले की, या विषयात मी अधिकारी असल्याचा दावा करीत नाही. ही वचने मी टिळकांच्या लेखनातून घेतली आहेत आणि टिळक हे संस्कृतचे व हिंदू शास्त्रांचे मान्य पंडित होते. शिवाय सामान्य माणूस अस्सल वचन व प्रक्षिप्त वचन असा भेद करीत नाही, तो सांगितले ते मानतो. आणि १९३७ च्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीका आणि आपले उत्तर दोन्ही छापले. प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतःच्या पुस्तकात स्वतः छापणारा मनुष्य वाचकाला भीत नसतो.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत ते म्हणतात की मौलिकतेचा आपला दावा नाही, अश्वघोषाची तर भाषादेखील काही ठिकाणी घेतली आहे. विषयांची मांडणी तेवढी आपली. दुर्दैवाने १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना आली नाही आणि ग्रंथात आधारही दिलेले नव्हते. तेव्हा ज्यांनी हिंदी अनुवाद करताना पाली आधार शोधून दिले, ते भदंत आनंद कौसल्यायन होते. हे भदंतजी त्यापूर्वी पुष्कळ वर्षे आपल्या वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम पाहत होते. पुढे १९९५ मध्ये महाराष्ट्र शासनानेही या ग्रंथाच्या पाली व इतर आधारांचा स्वतंत्र पूरक खंड काढला. श्रद्धा असूनही त्यांनी मूळ शोधले असे मी म्हणणार नाही. श्रद्धा होती म्हणूनच शोधले.

आता मुलांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली : विषयाला आपले उत्तर एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता येत नसेल तर अजून वाचन हवे. दुसरी : टिपण काढताना ग्रंथाचे नाव व पृष्ठ आधी लिहा, मजकूर मागून. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे असतील तर अवतरणचिन्हांत, आपला विचार वहीच्या दुसऱ्या बाजूला. तिसरी : पहिला खर्डा पुस्तके मिटून लिहा, नंतर उघडून ताडा. चार शब्द बदलल्याने वाक्य आपले होत नाही. विचार दुसऱ्याचा असेल तर शब्द आपले असले तरी नाव त्याचे द्यावे लागते. चौथी : विरोधकाचे सर्वांत बळकट म्हणणे घ्या, दुबळे नव्हे, आणि ते असे मांडा की त्यानेही म्हणावे, होय, मी हेच म्हणालो होतो.

एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. बाबासाहेबांच्या नावाने भिंतीवर, बॅनरवर, मोबाईलवर अनेक वाक्ये फिरत असतात. मुलाने विचारले, ‘हे त्यांनी कोठे म्हटलं ?’ तर त्याच्यावर रागावू नका. १९७९ पासून शासनाने त्यांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध केली आहेत. १९१६ चा तो निबंध आणि १९३६ चे ते भाषण दोन्ही पहिल्याच खंडात आहेत. मुलाला घेऊन ग्रंथालयात जा. न सापडलेले वाक्य कितीही गोड असले तरी ते त्यांच्या नावावर लिहू नये. त्यांना उसन्या वाक्यांची गरज नाही.

ती मुलगी पंधरा दिवसांनी पुन्हा आली. आता चारच पाने होती. दोन ग्रंथांतील उतारे, नावासह आणि पृष्ठासह. आणि शेवटी एक परिच्छेद, जो कोणत्याही पुस्तकात नव्हता : तिच्या पदवीधर भावाला शहरात खोली हवी होती, घरमालकही पदवीधर, त्याने आधी आडनाव विचारले आणि मग खोली भरली असल्याचे सांगितले. तिने लिहिले होते की, घरमालक शिकला, पण जातीविषयी प्रश्न विचारायला शिकला नाही. म्हणून नुसते शिक्षण पुरणार नाही.

त्या परिच्छेदापुढे तिने पेन्सिलीने लहानसे प्रश्नचिन्ह केले होते. ‘सर, याला आधार कुणाचा लिहू ?’

मी म्हणालो, ‘तुझ्या भावाला विचार, लिहिलेलं चालेल का ते. तो हो म्हणाला तर लिही : माझ्या भावाने सांगितले. आणि खाली तुझं नाव.’