दुसरा पिस्टन

हळदीच्या रात्री कोलशेत गावठाणातला ट्रम्पेट शेजारच्या टॉवरच्या विसाव्या मजल्यावरही ऐकू जातो. त्याचा बटणाखालचा पिस्टन अडकला, तर ते वाजवणाऱ्याच्या बोटाखेरीज कुणाला कळत नाही. बाकीचे म्हणतात, गडी बेसूर वाजवतो.

वाजून बिघडतात त्याहून जास्त वाद्यं पडून राहून बिघडतात. आषाढी एकादशीला थांबलेली लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, आणि मधला बराच काळ पावसाचा. खाडीची दमट, खारी हवा पेटीत शिरते. जुनं तेल सुकून चिकट होतं, पितळेवर हिरवा कळंक धरतो. मग नारळी पौर्णिमेला किंवा गणपतीला घाईने पेटी उघडायची. बटण दाबलं की खाली जातं, वर मात्र येत नाही.

पिस्टन आणि त्याची नळी यांच्यात मिलिमीटरच्या काही शंभरांशांची फट असते. तिच्यात तेल मावतं. तेल आणि मळ दोन्ही मावत नाहीत. तरी अडकलं की सगळे आधी तेलच ओततात.

आधी धुवावं. कोमट पाणी, साधा साबण, धागे न सोडणारं सुती फडकं. पाणी कढत नको, वरचं लॅकर जातं. ब्रासो आतून लावू नये. तो चमक आणतो ती धातू घासूनच.

खोबरेल केसांना ठीक. थंडीतल्या हळदीला ते पिस्टनभोवती गोठतं. जुने वादक रॉकेल वापरायचे आणि ते फारसे चुकत नव्हते. ते पातळ, पण लवकर उडून जातं. बाटलीतलं महाग व्हॉल्व्ह ऑइलही बहुधा त्याच कुळातलं असतं.

काही जण पिस्टनला पॉलिशपेपर मारतात. असा पिस्टन पुन्हा अडकत नाही. हवाही धरत नाही.

आपल्या तुतारीला पिस्टन नाही, म्हणून ती कधी अडकत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर कोळीगीत वाजत नाही. युरोपातली तुतारीही शतकानुशतकं तशीच होती: फुंकरीने मिळतील तेवढेच स्वर. 1814 च्या सुमारास हाइनरिश श्टोल्त्सेलने हॉर्नला व्हॉल्व्ह बसवला. आजच्या ट्रम्पेटमधला पिस्टन पॅरिसच्या पेरिनेचा, 1838-39 मधला. दुसरं बटण अर्धा स्वर उतरवतं, पहिलं एक, तिसरं दीड. सगळी चाल या तीन बटणांच्या आठ मांडण्यांवर, आणि त्यातलीही एक जवळजवळ दुबार, कारण पहिलं-दुसरं मिळून तिसऱ्याएवढंच होतं.

पिस्टनवर आकडे कोरलेले असतात. धुतल्यावर ते अदलाबदल झाले, तर फुंकर वाटेतच अडते आणि माणूस नव्या तेलाला शिव्या देतो. जागेवर बसताना पिस्टन बारीक 'टक्' करतो. लग्नघरात हे ऐकू येणं कठीण, म्हणून पिस्टन बसवायचं काम घरीच उरकावं.

सगळ्यांत नाजूक दुसरा पिस्टन. त्याची आखूड नळी एका बाजूने बाहेर आलेली असते. ट्रम्पेट त्याच कुशीवर ठेवला, टेम्पोत वर कुणी ढोल टाकला, की ठोका त्या नळीवाटे थेट आतल्या भिंतीला. भिंत केसभर दबते. बाहेरून पोचा दिसत नाही, आणि बिचारा वादक तेलावर तेल ओतत बसतो. पिस्टन स्वच्छ असून दर वेळी एकाच जागी अडत असेल, तर तेलाची बाटली बंद करावी आणि कारागीर गाठावा. ठेवताना ही नळी वरच्या अंगाला असावी, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

पुष्कळदा वाद्य मालकाचं, बोटं वादकाची. तेल कुणाचं, हे ठरलेलं नसतं. सुपारी घेताना माणसं किती, गणवेश कोणता, गाणी कुठली, सगळं बोललं जातं. धुण्याचा दिवस कुणी धरत नाही, कारण त्या दिवसाची सुपारी नसते.

खरं तर दिवसही लागत नाही. वाजवून झाल्यावर नळीतलं पाणी काढायचं, पिस्टन पुसायचे, दोन-तीन थेंब सोडायचे: दहा मिनिटं. पण नेमकी तेव्हाच हळदीची पंगत बसलेली असते, आणि मटण कुणासाठी थांबत नाही.