घास मोजावेत की मन?

अलीकडे आमच्या दिंड्यांतूनही उष्मांकांचा, म्हणजे लोक ज्याला कॅलरी म्हणतात त्याचा, हिशेब ठेवणारी मंडळी भेटतात. भाकरीचे इतके, वरणाचे इतके, चमचाभर तुपाचे इतके, अशी रोज टिपणे होतात. काही जुने वारकरी याला हसतात. आम्हाला मात्र प्रश्न पडतो तो असा, की घास मोजून खाणे हा संयम आहे, की जिभेचाच एक नवा छंद?

मोजण्याला आम्ही नावे ठेवणार नाही. अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही, असे भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले. आणि तेथे ज्ञानोबारायांचाही कौल आहार मापात असावा असाच आहे. शिवाय हिशेब भीड धरीत नाही. एक ग्रॅम साखरेचे सुमारे ४ उष्मांक, तर एक ग्रॅम तुपातेलाचे सुमारे ९. आता एकादशीची ताटली पाहा. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याचे उष्मांक तेवढ्याच तांदळाइतके, सुमारे ३५०. वर दाण्याचे कूट, वर तूप. एवढे खाऊन आपण म्हणतो, आज उपास आहे! ज्या मापाने हे उघडे पडते, ते वाईट कसे म्हणावे? आणि मधुमेही माणसाने 'प्रसादच आहे हो' म्हणून चार पेढे खाल्ले, तर त्यात भक्ती किती आणि जीभ किती, हे ज्याचे त्याला ठाऊक.

पण याला दुसरी बाजू आहे. पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरते, कारण त्यात पुष्कळसे पाणीच असते, माणूस हरखतो. पुढे काटा अडून बसतो, कारण हलक्या झालेल्या शरीराचा खर्चही कमी होतो. मग चिडचिड, मग 'आता काय राहिले' म्हणून एक दिवस ताव मारणे, मग पश्चात्ताप, आणि पुन्हा वही. चढउतार वजनाचे, हेलकावे मात्र मनाचे.

१९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने स्वेच्छेने आलेल्या ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. त्यात त्यांना सहा महिने सुमारे निम्म्या आहारावर ठेवले होते. शरीरे वाळली ती वाळलीच, पण मनात अन्नावाचून दुसरे काही उरेना; काहीजण पाककृतींची पुस्तके वाचीत बसत. ताटातले अन्न घटले, मनातले वाढले.

कोणी म्हणेल, 'अहो, तुम्हीही माळेचे १०८ मणी मोजताच की!' मोजतो. पण आकडा विसरला तरी नाम राहते. घासांच्या हिशेबालाही हीच खूण लावावी. वही मिटल्यावर मन मोकळे होऊन कामाला, हरिपाठाला लागत असेल, तर ते मोजणे संयम आहे. कीर्तनात बसूनही दुपारच्या पोळीचा आकडा डोक्यात घोळत असेल, तर पोट रिकामे असले तरी आपण जेवतच आहोत.

म्हणून सांगणे इतकेच. डॉक्टरांनी सांगितले असेल त्याने जरूर मोजावे. काल्याचा एक कण घेऊन बाकीचा शेजारच्या माउलीच्या हाती द्यावा. त्यात देवाचा अपमान नाही. पण मोजणेच मन पोखरू लागले, तर डॉक्टरांना तसे मोकळेपणी सांगावे, आणि पंगतीत चौघांबरोबर नाम घेत, भुकेपुरते जेवावे. काठी वाटेत टेकण्यासाठी असते. ती डोक्यावर वाहून कोणाची वारी सोपी होत नाही.

रामकृष्णहरी.