तिथीची पाऊणपट

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल तर घड्याळाआधी पंचांग पाहावे लागते. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशोब. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पाणी पुरे भरलेले आणि नवाच्या सुमारास पुरे ओसरलेले. अष्टमीला हिशोब सहाचा येतो, पण तेव्हा भांग असते. पाणी मनापासून हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल जाते आणि किल्ल्यापर्यंतचा खडक-वाळूचा दीडेक किलोमीटरचा पट्टा उघडा पडतो. तेवढ्या वेळात जायचे, पाहायचे आणि परतायचे. ज्याला हे गणित उमगले, त्याला किल्ल्याची जागा कशासाठी निवडली हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाजी महाराजांनी १६८० साली ज्याचे काम सुरू करवले, तो हा किल्ला दिवसातून दोनदा जमिनीला जोडला जातो आणि दोनदा तुटतो. शत्रूला तोफा आणायच्या तर ओहोटीत, आणि आणल्या की सहा तासांत त्यांच्या चाकांखाली पाणी. तटाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक बसवलेले आहेत. लाट आदळते, पाणी सांध्यांतून आत शिरते आणि तसेच बाहेर ओघळते, म्हणून तट लाटेशी झुंजत बसत नाही. चालत गेलेल्या माणसाच्या पायाला आधी तेच पाणी आणि तोच खडक लागलेला असतो, म्हणून त्याला हे सांधे दिसतात. एरवी नजर जाते ती चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफांकडे. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव आहे आणि १८४९ साल आहे. पुढे हा किल्ला ज्यांच्याकडे होता त्या आंग्र्यांचे संस्थान त्याआधीच ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले होते. सर्वांत जास्त छायाचित्रे ज्यांची निघतात त्या तोफांचा आंग्र्यांच्या लढायांशी संबंधच नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर युद्धाचा वारसा तटबंदीत जितका आहे तितकाच दोन तटबंद्यांमधल्या सपाट जमिनीत आहे, आणि ती जमीन समजण्याचा मार्ग म्हणजे सावकाश, दम न लागता चालणे. मराठी माणसाच्या मनात गडाची वाट चढाची असते. घाम गाळून, कडा चढून गेल्याशिवाय गड पाहिला असे आपल्याला वाटत नाही, आणि सह्याद्रीत ते बरोबरही आहे, कारण तिथे चढ हेच संरक्षण होते. किनाऱ्यावर मात्र हे माप लागू पडत नाही. इथल्या बहुतेक लढाया चढावर झाल्या नाहीत. त्या खाडीच्या मुखाशी, पुळणीवर, मिठागरांच्या कडेने झाल्या. १७२१च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजी आंग्र्यांवर मोहीम काढली, तेव्हा समुद्रात इंग्रजी जहाजे असूनही फौज चौलला जमली आणि तिथून जमिनीवरून अलिबागकडे चालून आली. बाजीराव पेशव्यांचे घोडदळ मदतीला आले, पोर्तुगीजांनी १७२२च्या जानेवारीत वेगळा तह केला आणि मोहीम फसली. म्हणजे आज चौल, नागाव, आक्षी असे करत अलिबागला येणारा सतरा-अठरा किलोमीटरचा पट्टा, जिथून गाड्या अर्ध्या तासात निघून जातात, तोच रणभूमी होता. तो पायी तुडवला की कळते, ही फौज किती ओहोळ आणि किती वाड्या ओलांडत आली असेल, आणि मोकळ्या पुळणीवर घोडदळासमोर तिला आडोसा किती थोडा असेल. हिराकोट कान्होजींनी १७२० साली अलिबागच्या जमिनीवर का बांधला, याचे उत्तरही याच पट्ट्यात आहे. त्या कोटात आज तुरुंग आहे.

वरसोलीकडून थळपर्यंत किनाऱ्याने चालण्यात दमण्यासारखे काही नाही. पण थळच्या वाळूवर उभे राहिले की समोर उंदेरी आणि तिच्यापलीकडे खांदेरी अशी दोन बेटे दिसतात, आणि १६७९चा पेच डोळ्यांसमोर मांडलेला दिसतो. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीवर मराठ्यांनी तट बांधायला घेतला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या हाती ते काम होते. इंग्रजांनी जहाजे पाठवून रसद तोडायचा प्रयत्न केला. त्यांची जहाजे मोठी, खोल पाण्याची आणि वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांची होडकी लहान आणि उथळ बुडाची; वारा पडला तरी वल्ह्यांवर चालणारी, रात्री किनाऱ्यावरून निघून पहाटेच्या आत बेटावर चुना-दगड-धान्य उतरवणारी. त्या ऑक्टोबरात समोरासमोर लढाई झाली, इंग्रजांनी तीही नेटाने लढली, पण पुरवठा थांबला नाही आणि १६८० साली इंग्रजांना खांदेरीवरचा मराठ्यांचा ताबा मान्य करावा लागला. दरम्यान जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी धरली, आणि पुढे कैक वर्षे ही दोन शेजारी बेटे एकमेकांवर तोफा रोखून उभी होती. हे सारे पुस्तकात वाचता येते. पण बेट आणि किनारा यांच्यामधले ते पाणी किती उथळ आहे, ओहोटीला खडकांच्या पाठी कशा वर येतात, कोळ्यांची होडी त्यांच्यामधून कशी वळते, हे थळच्या पुळणीवर दिसते. खांदेरीची लढाई जिंकली ती या उथळ पाण्याच्या माहितीने, आणि ती माहिती कोळी-भंडाऱ्यांकडे होती.

तट उभा राहिला तरी त्याच्या आतल्या माणसांना खायला लागते. १६७५ साली शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुरुडसमोर पद्मदुर्गाचे काम चालू असताना नेमून दिलेले धान्य आणि पैसा वेळेवर पोहोचला नाही, म्हणून त्याची त्यात कडक हजेरी घेतली आहे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असे बजावलेले आहे, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. ही दोन्ही कागदपत्रे डोक्यात ठेवून अलिबाग-पेणच्या खारभूमीतून चालावे. खाडीचे खारे पाणी अडवायला मातीचा बांध, पावसाचे गोडे पाणी सोडायला उघाडी, आतल्या अंगाला भाताचे शिलोत्र आणि बाहेरच्या अंगाला तिवरांची झाडी. बांधाला एक भगदाड पडले आणि वेळेत बुजले नाही, तर खारे पाणी आत शिरून त्या शेताची काही वर्षे जातात. म्हणून गावकीने मिळून बांध राखायचा. किल्ल्यांना पोसणारे धान्य अशाच जमिनीतून निघत होते. आणि तिने पाहिलेला लढा फक्त तलवारीचा नव्हता. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खंडकरी कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि तो १९३९पर्यंत, उपाशीतापाशी राहून, टिकवला. त्या लढ्याचा किल्ला म्हणजे ओसाड ठेवलेली भातखाचरेच. बांधावरून चालल्याशिवाय तो दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो खरा आहे: तटच ढासळत असताना पाऊलवाटांची चैन कशाला? पैसा थोडा, आणि बुरुजातून पिंपळ उगवलेले. मी तटाचे काम मागे टाका म्हणत नाही. पण संरक्षित स्मारकांचा कायदा तटापासून १०० मीटर बांधकामाला मनाई करतो आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्यायला लावतो. तिथे त्याची हद्द संपते. थळची पुळण, चौलची पाणंद, खारभूमीचा बांध या वर्तुळाबाहेर आहेत. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यांत रायगड आणि खांदेरी आहेत, आणि त्या नोंदीचे नाव ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ असे आहे. नाव भूदृश्याचे असेल तर भूमीही दिसत राहिली पाहिजे. इकडे मुंबईहून मांडव्याला मोटारीसकट आणणारी रो-रो २०२० साली सुरू झाली, २०२४च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, आणि भातशेतांचे भूखंड होऊन त्यांना उंच कुंपणभिंती घालण्याचा वेग वाढला. ढासळलेला बुरूज पैसे आले की पुन्हा बांधता येतो. भिंतीखाली गेलेली वाट परत मिळवायला मात्र पिढ्या जातात, आणि बहुतेक वेळा ती मिळतच नाही.

दुसरा आक्षेप गावकऱ्यांचा आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. वाडी ही कुणाची तरी असते. सुपारीच्या बागेत, रहाटाच्या विहिरीपाशी, मासळी वाळत घातलेल्या अंगणातून परक्या माणसांनी ऐतिहासिक वाट म्हणून हिंडावे, हा हक्क कुणी दिला? कुणीच नाही, आणि मागूही नये. पण सार्वजनिक वाटा मुळात होत्याच. गावनकाशावर पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेला असतो. महसूल अधिनियमात शेताच्या बांधावरून जाण्यायेण्याच्या वाटेची तरतूद आहे. इंग्लंडमध्ये १९४९च्या कायद्याने पाऊलवाटांचे अधिकृत नकाशे करायला घेतले. आपल्याकडे नकाशा तलाठ्याच्या दप्तरात आधीपासून पडून आहे, तो वाचायचा आहे. किनाऱ्याच्या किल्ल्यांमधल्या गावांनी आपापले पायमार्ग जाहीर करावेत, मोजून मोकळे करावेत, आणि कुठून जायचे, कुठून नाही, हे ग्रामसभेने ठरवावे. अशा वाटेचा पहिला फायदा शाळेला जाणाऱ्या पोरींना आणि टोपली घेऊन बाजाराला निघणाऱ्या बायकांना आहे. पर्यटक त्यांच्या मागून आला तर येवो. उन्हाचा प्रश्न उरतो, तर दसरा ते होळी हा काळ पुरेसा लांब आहे.

तिसरा आक्षेप मनाचा आहे. जिथे माणसे मेली तिथे असे सहज हिंडणे म्हणजे त्या मरणाची किंमत कमी करणे नव्हे का? रेवदंड्याला, कुंडलिका नदीच्या मुखाशी, हा प्रश्न टाळता येत नाही. १५०८ साली याच पाण्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना मारला गेला, आणि १५९४ साली समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशाही फौजेची कत्तल झाली. तिथे पुलावरून गाडीने जाणाऱ्याला खाडी पाच मिनिटे दिसते. चालणाऱ्याला रेवदंड्याच्या कोटातून निघून पुलापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तेवढा वेळ पलीकडचा डोंगर समोर राहतो, आणि तोफेचा पल्ला म्हणजे काय ते अंतर अंगात उतरते. गंभीर होण्यासाठी दमछाक लागत नाही, वेळ लागतो. पूल ओलांडून पुढे गेले की डोंगराच्या पायथ्याशी कोर्लई गाव आहे. १७४०मध्ये पोर्तुगीज गेले, किल्ला मराठ्यांकडे आला. गावातली ख्रिस्ती घरे राहिली, आणि त्यांच्यात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली एक बोली राहिली. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. ती बोलणारे आज हजाराच्या आसपास आहेत. किल्ल्याची पायवाट या घरांच्या ओटीजवळूनच वर जाते.