सरासरी आणि माणूस

एका राष्ट्राची संपत्ति दुसऱ्या राष्ट्राच्या संपत्तीशीं ताडून पाहण्याचें जें माप आज सर्वत्र रूढ झालें आहे, तें दरडोई उत्पन्नाचें होय. देशाच्या वर्षाच्या एकंदर उत्पन्नास लोकसंख्येनें भागावें आणि येणारा आंकडा दुसऱ्या देशाच्या आंकड्यासमोर मांडावा, इतकी ही रीत साधी आहे. परंतु या भागाकारांतून निघणारा अर्थ मात्र तितका साधा नाहीं.

आपल्या देशांत हा भागाकार प्रथम कोणत्या हेतूनें झाला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १८७६ सालीं मुंबईस वाचलेल्या हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंधांत दादाभाई नौरोजी यांनीं हिंदी माणसाचें वार्षिक उत्पन्न सुमारें २० रुपये ठरविलें. पुढें १८८२ सालीं सरकारपक्षाकडून २७ रुपयांचा, व १९०१ सालीं लॉर्ड कर्झन यांच्याकडून ३० रुपयांचा आंकडा आला, आणि वाद आंकड्यांभोंवतींच फिरत राहिला. परंतु दादाभाईंच्या विवेचनाचें मर्म त्या २० रुपयांत नव्हतें. तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्रास येणारा खर्च त्यांनीं त्या आंकड्याशेजारीं मांडला, आणि निरपराध रयतेच्या वांट्यास कैद्याइतकेंही येत नाहीं, हें सरकारी कागदांवरूनच दाखवून दिलें. सरासरीशेजारीं त्यांनीं गरज ठेवली, हा त्यांचा खरा विशेष.

पुढील काळांत ही तफावत कशी बदलत गेली? अर्थेतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अंदाजाप्रमाणें, किंमतींतील फरक जमेस धरूनही, १८२० सालीं ब्रिटनमधील माणसाचें उत्पन्न हिंदी माणसाच्या सुमारें तिप्पट होतें. १८७० सालीं तें सहापट आणि १९५० सालीं अकरापट झालें. गेल्या शतकाच्या अखेरीपासून हें प्रमाण उतरूं लागलें व २००८ सालीं आठपटीवर आलें. तथापि त्याच अंदाजांप्रमाणें १९५० ते २००८ या काळांत दोघांच्या उत्पन्नांतील प्रत्यक्ष अंतर तिपटीहून अधिक वाढलें. प्रमाण घटलें आणि अंतर वाढलें, हीं दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं आहेत. ज्यास जें सोयीचें, तें तो पुढें करतो.

राष्ट्राराष्ट्रांत जो प्रश्न आपण उपस्थित करतों, तो घराजवळही विचारला पाहिजे. ठाणें जिल्हा दरडोई उत्पन्नांत महाराष्ट्रांतील आघाडीच्या जिल्ह्यांत गणला जातो. कल्याणहून कसाऱ्याच्या वाटेवर टिटवाळा मागें पडला कीं खडवली लागते. या वाटेवर वाशिंदपर्यंत आगगाडी १८५५ सालींच पोंचली. खडवलीवरून वाहणारी भातसा नदी मुंबईची तहान भागविते. पण जेथें तिचें धरण आहे, त्या शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळा सरतांच उचल घेऊन वीटभट्टीवर राबावयास जाणारें कातकरी कुटुंब, आणि लोकलनें मुंबईच्या कचेरीस जाणारे आपण, दोघांच्याही डोया त्या एकाच भागाकारांत मोजल्या जातात. कागदावर आपला वांटा त्याच्या पदरांत पडतो. प्रत्यक्षांत पडत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, उत्पन्नच वाढलें नाहीं तर वांटावयाचें काय? आक्षेप यथार्थ आहे. दारिद्र्याची समान वांटणी हा कांहीं न्याय नव्हे, आणि वाढीवांचून शाळा, दवाखाने व नळ होत नाहींत. परंतु वाढ अवश्य आहे, एवढ्यानें ती पुरेशी आहे असें सिद्ध होत नाहीं. श्रीमंत राष्ट्रांकडे आपण जो न्याय मागतों, तो माणूस म्हणून सर्वांची गरज सारखी आहे, या तत्त्वावर मागतों. तेंच तत्त्व घेऊन पाड्यावरचा माणूस आपल्या दाराशीं आला, तर त्यास जिल्ह्याची सरासरी दाखवून परत पाठविण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं. त्याच्या घरीं वर्षाचें धान्य किती, पाणी किती व डोक्यावर उचल किती, हें विचारणें दादाभाईंच्या रीतीस अधिक धरून होईल.