कैरी आणि कर्मयोग

मुलांना निसर्गाच्या सान्निध्यात वाढवावं, याबद्दल जगात कुणाचंच दुमत नाही. ज्या गोष्टीबद्दल कुणाचंच दुमत नसतं ती गोष्ट सहसा कुणीच करत नाही, हा माझा पासष्ट वर्षांचा अनुभव आहे. पहाटे उठावं, खरं बोलावं, घास बत्तीस वेळा चावावा आणि मुलांना निसर्गाच्या सान्निध्यात वाढवावं, ही चारही वाक्यं घरातल्या एकाच फळीवर ठेवलेली असतात. सणासुदीला खाली काढायची, फडक्याने पुसायची आणि होती तिथे ठेवून द्यायची.

आणि समजा, एखाद्याने हे वाक्य खरोखरच अमलात आणायचं ठरवलं, तर काय होतं? सहल होते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी (त्यांचं नाव सांगत नाही, नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी तेच लावतात) दर पावसाळ्यात आपल्या मुलाला सिंहगडावर नेतात. चढताना डाव्या बाजूला भूगोल आणि उजव्या बाजूला इतिहास. वर पोचल्यावर, पोरगं डबा उघडून बसलं की विचारतात, "मग? आज काय शिकलास?" पोराने एकदा नीट विचार करून सांगितलं, "थालीपीठ गार झालं की चिवट होतं." सेक्रेटरींना वाईट वाटलं. मला विचाराल तर निरीक्षण, अनुमान आणि सत्यकथन या तिन्ही कसोट्यांना उतरणारं इतकं चोख उत्तर मी त्यांच्या वार्षिक अहवालातही वाचलेलं नाही.

पण प्रश्न थालीपिठाचा नाही. प्रश्न असा की, मुलाने झाडाखाली, चिखलात, उन्हात घालवलेली दुपार ही नक्की कुणाची? त्याची, की ती त्याला मिळवून दिली म्हणून आपली?

आपण कर्मयोगाचा अभिमान बाळगणारी माणसं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं, ते १९१५ साली छापून आलं, आणि तेव्हापासून ते मराठी घरातल्या कपाटांची शोभा वाढवत आहे. आतलं सगळं वाचलेलं नसलं तरी फळाची आशा न धरता कर्म करावं, एवढा सारांश प्रत्येकाला पाठ असतो. आता हा सारांश घेऊन चैत्रात एखाद्या आंब्याखाली उभे राहा. वर कैऱ्या, खाली पोरं, पोरांच्या हातात दगड. तुम्ही म्हणाल, यांना तर उघडउघड फळ हवं आहे. बरोबर. पण जरा वेळ थांबून पाहा. विसाव्या दगडाला एक कैरी पडते. चौघांत तिचे दगडाने ठेचून तुकडे होतात. चड्डीच्या खिशातून पुडीतलं तिखटमीठ निघतं. एक चावा, एक डोळा बंद, दात आंबलेले. आणि पुढच्या मिनिटाला पोरं पुन्हा दगड शोधायला लागतात. फळ मिळाल्यावर कर्म थांबायला हवं होतं. ते थांबत नाही. म्हणजे कैरी हे नुसतं निमित्त होतं.

त्याच झाडाखाली एक सुशिक्षित बाप उभा असतो. त्याला कैरी नको असते. त्याला आम्लपित्त असतं. तो शेजारच्याला सांगत असतो, "नेमबाजीने एकाग्रता वाढते बरं का. गणित सुधारतं." आता सांगा, दोघांतला फळाची आशा धरणारा कोण?

हा हिशेब वर्षभर चालतो. मृगाचा पहिला पाऊस पडतो, गल्लीतून पाण्याचे ओहोळ वाहू लागतात आणि वर्तमानपत्राच्या होड्या निघतात. साधी होडी, शिडाची होडी, नांगरहोडी. ही होडी पुढच्या वळणावर गटारात जाणार, हे होडी सोडणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तो तिच्या बरोबरीने धावतो, ती अडकली की काडीने सोडवतो आणि ती बुडाली की टाळ्या वाजवतो. जिचा शेवट गटारात आहे अशा वस्तूवर इतकं मनापासून प्रेम करणं मोठमोठ्या वैराग्यवाल्यांनाही जमलेलं नाही. एवढ्यात गॅलरीतून आवाज येतो, "भिजशील! सर्दी होईल!" मराठी भाषेतला भविष्यकाळ हा मुख्यतः मुलांना घाबरवण्यासाठी निर्माण झाला असावा, असा मला संशय आहे. भिजशील, पडशील, घसरशील, लागेल, फुटेल. या भविष्यकाळात कधी कुणी 'मजा येईल' असं ओरडल्याचं मी ऐकलेलं नाही.

दिवाळीत किल्ला येतो. माती कालवायची, दगडांवर गोणपाट टाकायचं, वरून चिखल लिंपायचा आणि अळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी मारायचं. चार दिवसांनी हिरवळ वर आली की त्या पोरांच्या तोंडावर जो भाव असतो तो पृथ्वी निर्माण केल्यावर ब्रह्मदेवाच्याही तोंडावर असेल, पण चारपटीने असेल, कारण त्याला चार तोंडं होती. आमच्या सोसायटीतल्या इमारतींना बकुळ, पारिजात आणि कांचन अशी नावं आहेत. बांधकामाच्या वेळी जी झाडं तोडली, त्यांची स्मारकं म्हणून ही नावं असावीत. आवारात पाटी आहे : 'येथे माती आणू नये. येथे खेळू नये.' आता गंमत पाहा. १९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांचा करार संमत केला. त्याच्या एकतिसाव्या कलमात मुलांना विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क दिलेला आहे. भारताने १९९२ साली त्याला मान्यताही दिली. हे मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "काका, ते आंतरराष्ट्रीय झालं. हे पार्किंग आहे."

याचा अर्थ पोरं मोकळी सोडावीत आणि आपण पेपर वाचत बसावं, असा मात्र नाही. खेळ निरागस असतो, हे वाक्य ज्यांनी पोरांना खेळताना लांबून पाहिलं आहे त्यांचं आहे. भाद्रपदात टाकळा पिवळा होतो, तेरडा फुलतो आणि हवेत चतुर तरंगायला लागतात. आमच्या सात वर्षांच्या नातीने एक चतुर पकडला आणि पोरं पूर्वापार करत आली तेच केलं. शेपटीला दोरा बांधला. चतुर उडतोय, दोरा ताणला जातोय, चिमुरडी खूष.

मी विचारलं, "हा आता घरी कसा जाणार गं?"

"त्याला घर नसतं, आजोबा."

"आणि जेवायला? तो उडता उडता डास पकडून खातो."

ती बराच वेळ दोऱ्याकडे बघत राहिली. मग गाठ सोडायला बसली. गाठ सुटेना. शेवटी तिने दोरा शेपटीजवळ दाताने तोडला. चतुर अर्धा इंच दोरा घेऊन उडून गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात तो अर्धा इंच आहे. आपल्या बहुतेकांच्या निसर्गप्रेमाला एवढा दोरा चिकटलेला असतोच.

पण खरा नैतिक प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. जिने आयुष्यात कधी चतुर पकडलाच नाही, पडद्यावरच पाहिला, ती मुलगी जास्त दयाळू म्हणायची का? तिने कुणाला त्रास दिला नाही, हे खरं. पण सोडून देण्याचा प्रसंगही तिच्यावर आला नाही. दया ही मला वाटतं पोहण्यासारखी आहे. काठावर उभं राहून ती येत नाही. हातात काहीतरी फडफडावं लागतं. अर्थात चतुराला हा युक्तिवाद पटेलच असं नाही, आणि म्हणूनच मोठ्या माणसाने तिथे हजर असायला हवं. संक्रांतीच्या पतंगाचं तेच. काटाकाटी खुशाल करा, पण नायलॉनचा मांजा नको. त्याने पाखरांचे पंख कापले जातात आणि स्कूटरवाल्यांचे गळे. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. आपली मजा दुसऱ्याच्या मानेपाशी संपते. एवढा एक नियम पोराला कळला तर नागरिकशास्त्राचं अर्धं पुस्तक झालं.

स्वतःच्या मानेचं काय, असं आमची ही विचारते. नात वडाच्या पारंबीला लोंबकळली की हिचा जीव खालीवर होतो. तिला मी एवढंच सांगतो, शेवग्यावर चढू देऊ नकोस, त्याची फांदी कडकन मोडते. पेरूवर चढली तर चढू दे, तो चिवट असतो. कुठली फांदी आपलं वजन पेलेल हे व्याख्यानातून कळत नाही. ते तळपायाला कळतं. ढोपरावर दोन खरवडे ही त्या ज्ञानाची फी आहे, आणि आजच्या शाळांच्या मानाने ती फार नाही.

उपदेश करताना सावध राहावं, हे मात्र मी रूसोकडून शिकलो. १७६२ साली त्याने 'एमिल' लिहून युरोपला सांगितलं की, शिक्षणात वेळ वाचवू नका, वेळ दवडा. मुलाला निसर्गात मूल म्हणून वाढू द्या. विचार सोन्यासारखा. स्वतःची पाचही मुलं मात्र त्याने अनाथालयात ठेवली; त्याच्या आत्मचरित्रात त्यानेच ते लिहून ठेवलं आहे. दुसऱ्याच्या मुलांना निसर्गात वाढवणं तुलनेने सोपं जातं.

त्यापेक्षा आपल्याकडच्या दोन बायका अधिक शहाण्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथल्या आदिवासी मुलांना निसर्गाचं सान्निध्य आयतंच होतं. नव्हती ती फुरसत. गुरं राखायची तर शाळेत यायचं कसं? तेव्हा या बायकांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळाच म्हणत तिला. गुरं चरताहेत, पोरं खडे, पानं आणि शिंपले मांडून मोजताहेत. हे आठवलं की मला आपली वाटणी विचित्र वाटते. एका मुलाकडे रान आहे, पण दुपार नाही. दुसऱ्याकडे रान नाही, आणि दुपार होती ती आपण तीन शिकवण्यांना वाटून दिली. दोघांचंही नेमकं तेच हरवलंय : कुणालाही हिशेब द्यावा न लागणारा वेळ.

तेव्हा मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. पोरं खेळत असली की मी कट्ट्यावर बसतो आणि दोनच प्रसंगी तोंड उघडतो : कुणाचा जीव धोक्यात आला तर, मग तो चतुराचा का असेना, आणि जेवण तयार झालं तर. बाकी वेळ गप्प. सोपं नाही हे. आंब्याखाली बसल्यावर आंब्याचं शास्त्रीय नाव गिळून टाकायला मोठा मनोनिग्रह लागतो.

आणि फळाची आशा धरायचीच असेल तर माणसाने कैरीची धरावी. ती आंबट की गोड, हे लगेच कळतं. आपण ज्याला संस्कार म्हणतो ते फळ पिकायला तीस-चाळीस वर्षं लागतात, आणि ते पडेल तेव्हा झेलायला आपण झाडाखाली असूच, असं काही नाही.