खेळांतील मरण

लहान मुलांच्या तोंडीं ‘मेला’ हा शब्द जितक्या सहजतेनें येतो तितक्या सहजतेनें तो थोरांच्या तोंडीं येत नाहीं. सारीपाटाच्या पटावर सोंगटी मरते व पुन्हा आरंभापासून चालूं लागते. हुतुतूंत तर मरणाचे तीन निरनिराळे कायदे आमच्या लोकांनीं करून ठेविले होते. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी मेला कीं आपला मेलेला गडी उठतो. गामिनींत सारा संघ बाद होईपर्यंत मेलेल्यास बाहेरच बसावें लागतें. आणि अमर प्रकारांत गडी मेला तरी मैदान सोडीत नाहीं, प्रतिपक्षास केवळ गुण मिळतो. यांपैकीं कोणत्याहि मरणासाठीं कोणी रडल्याचें आम्हांस आठवत नाहीं. म्हणूनच गेल्या दिवाळींत वणीच्या आमच्या घरीं एका खेळांतील मरणानें जें घडलें, त्याचा विचार करणें आम्हांस भाग पडलें.

तो खेळ पुण्यास शिकणाऱ्या आमच्या भाच्यानें आणला होता. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं तो १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केला. चिमुकल्या सैनिकांच्या लुटुपुटीच्या लढायांतून तो निघाला. एक जण सूत्रधार होतो. बाकीचा प्रत्येक जण एक पात्र निर्माण करून त्याचें नांव, गुण व प्राणबळाचा आंकडा कागदावर लिहितो, आणि सूत्रधार प्रसंग सांगेल तसतसें आपलें पात्र काय करतें तें बोलून दाखवितो. यश कीं अपयश हें मात्र फांसा ठरवितो, आणि तो फांसा वीस पैलूंचा.

आमच्या थोरल्या बंधूंची तेरा वर्षांची नात उन्हाळ्याच्या सुटीपासून एका नावाडिणीचें पात्र खेळत होती. भाऊबीजेच्या रात्रीं एका सोबत्यास वांचविण्यासाठीं ही नावाडीण राक्षसापुढें आडवी आली. सूत्रधारानें पुठ्ठ्याच्या आडोशामागें राक्षसाच्या वाराचा फांसा टाकला. आम्ही त्याच्या पाठीशींच बसलों होतों. वीसचा आंकडा आम्हांसहि दिसला. वार पुरा बसला होता. भाच्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें. खोटें सांग, अशी आम्हीं डोळ्यांनीं खूण केली. कारण त्या मुलीचे आबा श्रावणांतच वारले होते. त्यानें खरा आंकडा सांगितला. नावाडीण मेली. मुलगी कागद तसाच टाकून अंगणांत निघून गेली.

त्या रात्रीं आम्ही भाच्यावर रागावलों. कागदावरील बाई जगली असती तर कोणाचें काय गेलें असतें, असें आमचें म्हणणें. नाटककार मारतो तो समजून उमजून मारतो. ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आल्यापासून प्रत्येक प्रयोगांत सिंधू मरते. परंतु पडदा उघडण्यापूर्वींच तिचें मरण लिहिलेलें असतें व त्यास कांहीं अर्थ असतो. येथें तर आंधळा फांसा! भाचा शांतपणें म्हणाला, “मामा, दसऱ्याला याच नावाडिणीनें पुरांतून नाव काढली तेव्हां ही पोर घरभर नाचली होती. आज मीं फांसा लपविला तर ती नाव तिनें काढलीच नव्हती, मीं काढूं दिली होती, असें होईल.” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनहि सुचलेलें नाहीं.

विचारांतीं आमचें मत असें झालें आहे कीं, दयेस या खेळांत जागा आहे. पण ती डाव मांडण्यापूर्वीं, व सर्वांदेखत. हुतुतूंत रेघ ओढण्यापूर्वींच संजीवनी कीं गामिनी हें ठरे, तसें. या खेळाचे नियमहि सौम्य होत आले आहेत. आरंभीच्या नियमांत प्राणबळ संपलें कीं पात्र मेलें. २०१४ च्या आवृत्तींत पडलेल्यास आणखी फांसे मिळतात, व तीन अपयशांच्या आधीं तीन यशें आलीं तर तें वांचतें. मेलेल्यास उठविणारे मंत्रहि आहेत, जरी ते फार स्वस्त केल्यास नावाडिणीच्या धाडसाला कांहीं मोल राहील असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या मुलांनीं उन्हाळ्यांतच आपण होऊन जुना कठोर नियम पत्करला होता. हें आम्हांस मागाहून कळलें. आणि हट्ट त्याच मुलीचा होता.

आमच्या त्या खुणेविषयीं एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. आबांचें दुखणें वाढलें तेव्हां आम्हीं मुलीला वरोऱ्यास तिच्या मामाकडे पाठविलें, आणि आबांना उतार पडत आहे असें फोनवर शेवटपर्यंत सांगत राहिलों. ती परतली तेव्हां सर्व उरकलें होतें. तिनें आम्हांस कांहीं विचारलें नाहीं व आम्हींहि विषय काढला नाहीं. तिला जपलें, अशीच आमची समजूत होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती भाच्यापाशीं गेली, आणि नावाडिणीच्या सोबत्यांनीं पुढें काय केलें असें विचारूं लागली. मुलें पुन्हा जमलीं. फांसा कोणीं हातीं घेतला नाहीं. त्यांनीं नावाडिणीला आपल्या निर्गुडेच्याच कांठीं नेलें. तिची नाव कोणाला द्यावी यावर मात्र बराच वाद झाला. दुपारीं ती आमच्या खोलींत आली आणि आबा शेवटच्या रात्रीं शुद्धीवर होते का, असें तिनें विचारलें. होते, आणि हिला बोलवा असें त्यांनीं दोनदां म्हटलें होतें, हें आम्हीं तिला त्या दिवशीं सांगितलें.