सात वाजताचा भोंगा

एखादी सवय मनुष्यास जडली आणि ती सुटेनाशी झाली, म्हणजे दोष कोणाचा मानावा? ज्यास ती जडली त्याचा, की ती जडावी अशीच योजना ज्यांनी केली त्यांचा? दारू व जुगार यांच्या संबंधात ह्या प्रश्नाचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. आम्ही तो मोबाईलवरील समाजमाध्यमांविषयी करणार आहोत, आणि तसे करण्याचा आमचा अधिकार एवढाच, की आम्ही स्वतः त्यातले आहोत.

आमचे वडील इंदुरातील एका देवळाचे पुजारी. सायंकाळच्या आरतीस घंटा वाजविण्याचे काम लहानपणापासून आमच्याकडे आहे. गेल्या श्रावणातील एका सोमवारी देवाच्या शृंगाराचे छायाचित्र आम्ही फेसबुकवर घातले, आणि आरती चालू असता खिशातील मोबाईल तीनदा काढून पाहिला. तिसऱ्या वेळी घंटा थांबली. वडिलांनी वळून पाहिले. ते रागावले नाहीत. तीर्थ देताना मात्र हळूच विचारले, "कोणाचे काही वाईट वर्तमान येणार होते का रे?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. छायाचित्र किती जणांस आवडले, एवढेच पाहावयाचे होते. पहिल्या वेळी १७, दुसऱ्या वेळीही १७, तिसऱ्या वेळी १९.

त्या दोन अधिक अंगठ्यांनी आम्हांस आनंद झाला काय? खरे सांगावयाचे तर झाला नाही. म्हणजे ज्याने आमचा हात खिशाकडे ओढला तो आनंद नव्हे. ती वाढले असतील की नसतील ही शंका होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर याने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हीच गोष्ट दिसून आली. ठरावीक चोची मारल्यावर दाणा मिळतो हे कळलेले कबूतर दाणा मिळताच क्षणभर थांबते. परंतु दाणा कधी पडेल याचा नेमच नसेल तर ते सारखे टोचत राहते, आणि दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ थांबत नाही. ह्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. पुढे वुल्फ्राम शुल्ट्झ याने माकडांच्या मेंदूचा अभ्यास केला. फळाचा रस मिळण्यापूर्वी होणारी खूण माकडांस एकदा परिचयाची झाली, की मेंदूतील डोपामीनच्या पेशी रस तोंडात पडताना नव्हे, तर ती खूण होताच उत्तेजित होतात, असे त्यास आढळले. आमच्या खिशातील मोबाईलचे थरथरणे ही तशीच खूण होय.

फेसबुकावर पसंतीचा अंगठा आला तो २००९ साली. त्याआधी, २००६ मध्ये, एझा रास्किन नावाच्या तरुण अभियंत्याने कधीच न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली होती. पुढे त्याने ह्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. पोथी वाचणारास ह्या युक्तीचे मर्म चटकन कळेल. पोथीत अध्याय संपतो, वाचणारा पोथी मिटतो, पाणी पितो, पुढे वाचावे की उठावे याचा विचार करतो. ह्या पानास अध्यायच नाही, म्हणून उठण्याची जागाही नाही.

एवढे वाचल्यावर सगळा दोष त्या योजकांवर टाकून मोकळे व्हावे असे आम्हांस वाटले. परंतु कबुतरास पिंजऱ्याची रचना ठाऊक नसते, आम्हांस ती आता ठाऊक झाली होती. म्हणून दसऱ्यास आम्ही संकल्प केला, की दिवेलागणीनंतर मोबाईल पाहावयाचा नाही. तो चौथ्या दिवशी मोडला. कारण क्षुल्लक आहे. मंडळाच्या भजनाची वेळ बदलल्याचे व्हॉट्सॲपवर कळविले गेले. सारे वेळेवर आले, आणि आम्ही तेवढे तासभर उशिरा पोहोचलो. सारे हसले. त्या रात्री आमच्या ध्यानात आले की ही सवय दारूसारखी नाही. दारू सोडणारा गुत्त्यात गेला नाही म्हणजे झाले. येथे मित्र, नातेवाईक आणि भजनी मंडळ सर्वच त्या गुत्त्यात बसलेले! (जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अमलात आलेल्या आपल्या सूचीत डिजिटल खेळांच्या व्यसनास विकार म्हटले आहे, समाजमाध्यमांस तेथे अद्याप स्थान नाही.)

येथे सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाची आठवण होते. वस्ती सुमारे ३,०००. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरविले, की सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजताच घरोघरी मोबाईल व दूरदर्शनसंच बंद करावयाचे, ते साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत. आरंभी काहींनी ही कल्पना हसण्यावारी नेली. मग अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक घरोघर समजावीत फिरले.

भोंग्याने साधलेला संयम हा संयमच नव्हे, असे कोणी म्हणतील. आम्हीही पूर्वी असेच म्हटले असते. परंतु आमचा संकल्प मोडला तो मन दुबळे म्हणून जितका, तितकाच आपण एकटे मागे पडू ह्या भयाने. भोंगा हे भय काढून घेतो. त्या दीड तासात चुकण्यासारखे काही घडतच नाही, कारण घडविणारे सारे आपल्यासारखेच मोबाईल ठेवून बसलेले असतात.

तथापि नियम सरसकट लावण्यास आमचे मन घेत नाही. देवळामागील वाड्यात एक आजी एकट्याच राहतात. मुलगा टोरांटोस. येथे सात वाजतात तेव्हा तेथे सकाळ असते, आणि कामावर निघण्यापूर्वी तो त्यांच्याशी मोबाईलवर बोलतो. त्यांच्या हातातील मोबाईल आणि आमच्या खिशातील मोबाईल ही एकच वस्तू आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

सध्या आरतीच्या वेळी आमचा मोबाईल ओवरीतील कोनाड्यात असतो. झांजा वाजविणारी दोन मुले आपलेही तेथेच आणून ठेवू लागली आहेत. आजी आरतीस येतात तेव्हा त्यांच्या पदराखाली मोबाईल असतो; तो वाजला की त्या ओवरीत जाऊन बोलतात, आणि वडील त्यांच्यासाठी तीर्थ बाजूस काढून ठेवतात.